आतड्याचा दाह आणि रक्ताचे रिपोर्ट: तुमचा सीआरपी बोलका आहे का?

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारांच्या पेशंटची फाइल उघडली की निम्मे कागद रक्ताच्या रिपोर्टचे निघतात, आणि गैरसमजही सगळ्यांत जास्त त्यांच्याचभोवती असतात. ‘सीआरपी नॉर्मल आला, म्हणजे आजार शांत आहे.’ ‘ईएसआर ४० आला, आता पुन्हा स्टेरॉइड.’ सीआरपी आणि ईएसआर या दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्यांबद्दलची ही दोन्ही वाक्यं ओपीडीबाहेरच्या बाकावर रोज कानावर पडतात. दोन्ही चुकीची ठरू शकतात, पण पहिलं जास्त महागात पडतं.

मुळात रक्ताच्या तपासणीला आतडं दिसत नाही. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही दाह झाला की पेशींतून इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप सुटतो, तो यकृताला पोचतो आणि यकृत सीआरपी बनवायला लागतं. म्हणजे मधे दोन पायऱ्या आहेत. निरोप किती जोरात गेला आणि यकृताने त्याला किती दाद दिली, यावर आकडा ठरतो. आतड्यातले व्रण किती खोल आहेत, हे त्यावरून फक्त अंदाजाने कळतं.

क्रोन्समध्ये दाह आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांतून आरपार जातो, शेजारची चरबीही त्यात ओढली जाते, म्हणून सीआरपी चांगला वर जातो. कोलायटिसमध्ये दाह बहुधा आतल्या अस्तरापुरता राहतो. आजार फक्त गुदाशयात असेल तर दिवसातून पाच वेळा रक्त पडत असतानाही सीआरपी २ किंवा ३ येऊ शकतो. शिवाय सीआरपीच्या जनुकातच माणसामाणसांत फरक असतो. क्रोन्सच्या साधारण चार-पाच पेशंटांमागे एकाचा सीआरपी आजार जोरात असतानाही हलत नाही.

म्हणून रिपोर्ट वाचण्याआधीचा पहिला प्रश्न: या माणसाचा सीआरपी बोलका आहे की मुका? उत्तर बहुतेक वेळा जुन्या फाइलमध्येच असतं. ज्या आठवड्यात दुर्बिणीतून (कोलोनोस्कोपीत) व्रण दिसले, त्याच आठवड्यातला सीआरपी शोधा. व्रण होते आणि सीआरपी ६० होता, तर तो बोलका; पुढे त्याच्या भरवशावर बरंच काही ठरवता येईल. व्रण होते आणि सीआरपी ३ होता, तर तो मुका; पुढच्या वेळी ३ आला म्हणून हुश्श करण्यात अर्थ नाही. ही एक ओळ फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावी. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तर नव्या डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.

आकड्याच्या आधी एकक बघा

काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहा पटींचा फरक. (या लेखातले आकडे पहिल्या एककातले आहेत.) पहिल्या एककात नॉर्मलची वरची मर्यादा ५, दुसऱ्यात ०.५. एका लॅबचा ‘३.२’ हा खरा ३२ असू शकतो, आणि ज्याच्या डोक्यात ‘पाचच्या आत चांगलं’ एवढंच बसलंय तो निवांत घरी जातो. शक्यतो एकच लॅब धरून ठेवावी. बदलावी लागलीच तर जुना रिपोर्ट शेजारी ठेवून एकक जुळवून घ्यावं.

दुसरी गोष्ट, तपासणीची पद्धत. मोठ्या लॅबमध्ये मशीन नेमका आकडा देतं: ७.४, ३१.८ असा. लहान गावांत अजूनही स्लाइडवरची लॅटेक्स पद्धत चालते. सीरमचा एक थेंब, त्यात लॅटेक्सच्या कणांचा एक थेंब, दोन मिनिटं स्लाइड गोल फिरवायची आणि गुठळ्या दिसतात का ते बघायचं. दिसल्या तर पॉझिटिव्ह, म्हणजे साधारण ६ च्या वर. मग सीरम दुप्पट, चौपट, आठपट पातळ करत कुठपर्यंत गुठळ्या दिसतात ते पाहतात. त्यामुळे उत्तर ६, १२, २४, ४८ अशा पायऱ्यांनीच येतं. तुमच्या फाइलमधले सगळे सीआरपी याच माळेतले असतील, तर ती स्लाइड आहे हे ओळखावं. २४ चा १२ झाला ही तिथे एकच पायरी उतरली. तेवढी चूक वाचणाऱ्याच्या डोळ्यांतही असू शकते. आणि याहून वाईट म्हणजे सीआरपी प्रचंड वाढलेला असेल तर न पातळ केलेल्या थेंबात गुठळ्या होतच नाहीत, आणि रिपोर्ट चक्क ‘निगेटिव्ह’ येतो. ताप, पोटात कळा, नाडी ११०, आणि सीआरपी निगेटिव्ह? लॅबला फोन करून सीरम पातळ करून पुन्हा तपासायला सांगावं, नाहीतर मशीनवर करून घ्यावं. ज्या आजारात या आकड्यावरून औषध वाढवायचं-कमी करायचं आहे, तिथे स्लाइड पद्धत मला पुरेशी वाटत नाही.

हेल्थ पॅकेजमध्ये ‘हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी’ येतो. प्रथिन तेच, फक्त अगदी कमी पातळीही मोजता येते. त्याखाली छापलेलं ‘३ च्या वर हाय रिस्क’ हे हृदयविकाराच्या जोखमीचं आहे, आतड्याशी त्याचा संबंध नाही. आतड्यासाठी साधा सीआरपी पुरतो.

सीआरपीचं घड्याळ

सीआरपीची खरी ताकद त्याच्या वेगात आहे. दाह सुरू झाला की सहा ते आठ तासांत तो वाढू लागतो, दोन दिवसांच्या आसपास शिखरावर पोचतो, आणि त्याचं अर्धायुष्य जवळपास १९ तासांचं आहे. हे अर्धायुष्य सगळ्यांत सारखंच असतं, त्यामुळे गणित सोपं होतं. यकृताने आज सीआरपी बनवणं पूर्ण थांबवलं असं धरा. आजचा ९६ उद्या याच सुमारास ४० च्या घरात येईल, परवा २० च्या खाली, आणि तिसऱ्या दिवसाअखेर ७ च्या आसपास. प्रत्यक्षात कारखाना एकदम बंद पडत नाही, म्हणून उतार जरा संथ असतो. तरी औषध लागू पडत असेल तर दोन-तीन दिवसांत आकडा स्पष्ट खाली यायलाच हवा.

तीव्र कोलायटिसने ॲडमिट झालेल्या पेशंटचा रोज सीआरपी काढतात तो याचसाठी. ‘तीव्र’ कशाला म्हणायचं याची ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली घालून दिलेली कसोटी आजही चालते: दिवसाला सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब, आणि जोडीला यांपैकी एक तरी: नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, ईएसआर ३० च्या वर. आता ईएसआरच्या जागी सीआरपी ३० च्या वर, असंही धरतात. मग शिरेतून स्टेरॉइड सुरू होतं आणि तिसरा दिवस कळीचा ठरतो. ऑक्सफर्डच्या १९९६ च्या अभ्यासात, तिसऱ्या दिवशीही आठाहून जास्त जुलाब, किंवा तीन ते आठ जुलाब आणि सीआरपी ४५ च्या वर, अशा पेशंटांपैकी ८५ टक्क्यांचं मोठं आतडं त्याच ॲडमिशनमध्ये काढावं लागलं होतं. तेव्हा इन्फ्लिक्सिमॅब हे दाह आवरणारं बायॉलॉजिक औषध हाताशी नव्हतं. आज ते किंवा सायक्लोस्पोरिन देऊन बऱ्याच जणांचं आतडं वाचवता येतं. पण निर्णय तिसऱ्या दिवशीच घ्यायचा हा नियम बदललेला नाही. ‘अजून दोन दिवस वाट बघू’ म्हणत सातवा दिवस उजाडला की पेशंट खंगलेला असतो आणि मग ऑपरेशनही अवघड जातं. नातेवाइकांनी तिसऱ्या दिवशीचा सीआरपी स्वतःहून विचारावा. त्यात संकोच नको.

घरी असलेल्या, बऱ्यापैकी बऱ्या पेशंटच्या बाबतीत मात्र किरकोळ चढउतारावर डोकं शिणवू नये. निरोगी माणसाचाही सीआरपी दर आठवड्याला थोडा हलतो. ६ चा ९ झाला, ९ चा ७ झाला, यात बातमी नाही. ४ चा २५ झाला, तर आहे. आणि तेव्हाही पहिला प्रश्न आतड्याचा नसतो: गेल्या दोन आठवड्यांत ताप, खोकला, दातदुखी, लघवीची जळजळ असं काही झालं का? पावसाळ्यात तर हे विचारल्याशिवाय सीआरपी वाचूच नये. टायफॉइड, न्यूमोनिया, साधं पिकलेलं गळू, सगळ्यांनी तो वाढतो. लठ्ठपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर तो कायमच थोडा वर असतो. ताप येऊन गेला असेल तर दोनेक आठवडे थांबून पुन्हा काढावा.

क्रोन्सच्या पेशंटचा सीआरपी १०० च्या पुढे गेला आणि ताप असेल, तर पोटात पू साठलाय का हे सीटी किंवा एमआरआयने बघितल्याशिवाय स्टेरॉइड वा बायॉलॉजिक वाढवू नये. गळू असताना प्रतिकारशक्ती दाबणं म्हणजे संकटाला आमंत्रण. आणि आपल्याकडे आतड्याचा टीबी हा क्रोन्सचा जुळा भाऊ वाटावा इतका सारखा दिसतो. त्या दोघांतला फरक सीआरपीला अजिबात सांगता येत नाही. तिथे बायॉप्सी, स्कॅन, आणि टीबीची औषधं दिली असतील तर दोनेक महिन्यांनी दुर्बिणीतून व्रण भरले का ते बघणं, हाच रस्ता आहे.

औषधंही आकडा फिरवतात. टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब ही औषधं इंटरल्यूकिन-६ चा यकृताला जाणारा निरोपच अडवतात, त्यामुळे सीआरपी झपाट्याने उतरतो. आतडं त्याच वेगाने भरून आलं असं समजू नये. अशा पेशंटला जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी म्हणावा तसा चढत नाही. यकृत निकामी होत आलेलं असेल तरी तेच.

ईएसआर

याला मी फार वेळ देणार नाही. चार भाग रक्तात एक भाग सायट्रेट मिसळून उभ्या नळीत ठेवायचं आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं, एवढीच ती तपासणी. नळी जरा तिरपी राहिली की आकडा वाढतो. खोली तापलेली असली तरी वाढतो, आणि मे महिन्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये खोली तापलेलीच असते. उलट, रक्त काढून पाच-सहा तासांनी लावलं तर कमी येतो. वय, ॲनिमिया, गर्भारपण या सगळ्यांनी वाढतो, आणि आतड्याच्या आजारात ॲनिमिया तर घरोघरी. उतरायलाही आठवडे लागतात, कारण तो मुख्यतः फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनावर चालतो आणि ते सावकाश कमी होतं. गॅस बंद केल्यावरही कढई गरम राहते, तसा आजार निवला तरी ईएसआर वरच राहतो. मशीनवरचा सीआरपी मिळत असेल तर ईएसआरवरून औषध बदलू नये. ज्याचा सीआरपी मुका आहे आणि ईएसआर मात्र प्रत्येक वेळी आजाराबरोबर वर जातो, असे थोडे पेशंट असतात. त्यांच्यासाठी तो ठेवावा.

सीबीसीमधून काय वाचायचं

साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) जितकी माहिती असते तितकी कुणी वाचत नाही. प्लेटलेटपासून सुरू करा. दाह चालू असला की त्या ४.५ लाखांच्या पुढे जातात. लोहाची कमतरता असली तरीही जातात, म्हणून लोह भरून निघाल्यावरही त्या वरच असतील तर दाहाकडे बोट जातं. यात एक खाच आहे. ज्याच्या प्लेटलेट कायम ५ लाख असतात, त्याला डेंग्यू झाल्यावर रिपोर्टमध्ये १.८ लाख दिसतील आणि शेजारी ‘नॉर्मल’ छापलेलं असेल. त्या माणसासाठी ती मोठी घसरण आहे, आणि जुना आकडा माहीत असेल तरच ती लक्षात येते.

पांढऱ्या पेशी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर १२-१४ हजार होतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी स्टेरॉइडमुळे सुटून प्रवाहात येतात, एवढंच त्याचं कारण असू शकतं. तेवढ्यावरून आजार वाढला म्हणू नये. ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर त्या उलट घटतात. पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी, मग अंतर वाढवत दर तीन महिन्यांनी, हे वेळापत्रक चुकवू नये. भारतीयांत एनयूडीटी१५ या जनुकातला बदल बऱ्यापैकी आढळतो. अशा लोकांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसवरही काही आठवड्यांत कोसळतात, आणि केस मुठीमुठीने गळणं ही त्याची आगाऊ सूचना असते. केस असे गळायला लागले किंवा पेशी ४,००० च्या खाली गेल्या, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं.

एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं आकारमान. लोह कमी पडलं की ते घटतं. बी१२ कमी पडलं की वाढतं, आणि ॲझाथायोप्रिनवरही वाढतं. क्रोन्स बहुतेकदा छोट्या आतड्याच्या शेवटच्या भागात असतो आणि बी१२ नेमकं तिथेच शोषलं जातं. पेशंट शाकाहारी असेल तर दुष्काळात तेरावा महिना. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असले की एमसीव्ही मधेच कुठेतरी, ८५ वगैरे, नॉर्मल दिसतं आणि फसवतं. तेव्हा शेजारचा आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारांतला फरक) वाढलेला आहे का बघावा. उलट एमसीव्ही ६५, फेरिटिन व्यवस्थित आणि तांबड्या पेशींची संख्या ५५ लाखांच्या पुढे असेल, तर थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) आहे का ते तपासावं. सिंधी, लोहाणा कुटुंबांत तर आधी तेच. अशा माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देणं हा निव्वळ वैताग आहे.

फेरिटिन

या आजारात सगळ्यांत चुकीचा वाचला जाणारा रिपोर्ट हाच. फेरिटिन हे लोहाचं कोठार दाखवतं, पण दाह असला की ते आपोआप वाढतं. त्यामुळे मर्यादा दोन धरायच्या. सीआरपी नॉर्मल असताना फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोह कमी. सीआरपी वाढलेला असताना मात्र १०० पर्यंतचं फेरिटिनही लोहाची कमतरता असू शकते. रिपोर्टवर ‘फेरिटिन ६८, नॉर्मल’ असतं, हिमोग्लोबिन ९.२, सीआरपी ४०, आणि पेशंटला सांगितलं जातं की लोह ठीक आहे. ते ठीक नाही. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती टक्के लोह आहे ते) मागून घ्यावं. २० टक्क्यांच्या खाली असेल तर पेशींपर्यंत लोह पोचत नाहीये. फेरिटिन १०० च्या वर आणि सॅच्युरेशन २० च्या खाली, तर लोह कोठारात अडकून पडलंय आणि आधी दाह आवरायला हवा.

दाह असताना गोळ्यांनी काम का होत नाही याचंही उत्तर इथेच आहे. तोच इंटरल्यूकिन-६ यकृताकडून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडवतो, आणि हेप्सिडिन आतड्यातून लोह आत येण्याचं दार लावून घेतं. गोळी पोटात जाते, शौच काळं होतं, मळमळतं, हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. आजार चालू असेल किंवा हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर लोह शिरेतूनच द्यावं. त्यानंतर लगेच फेरिटिन मोजू नये, काही आठवडे ते खोटं फुगलेलं असतं. आठ ते बारा आठवड्यांनी मोजावं.

अल्ब्युमिन

३.५ च्या खाली गेलेलं अल्ब्युमिन बघितलं की घरचे अंडी आणि प्रोटीन पावडरच्या मागे लागतात. खावं, जरूर खावं. पण दाह चालू असेपर्यंत यकृत अल्ब्युमिन कमीच बनवतं आणि व्रणांतून ते आतड्यात पाझरतही राहतं. नुसतं खाऊन आकडा वर येत नाही. अर्धायुष्य जवळपास २० दिवसांचं, त्यामुळे सुधारणाही आठवड्यांनी दिसते. सलाइन चालू असताना काढलं तर रक्त पातळ झाल्यामुळे कमी येतं. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांनी या आकड्याकडे खास लक्ष द्यावं: अल्ब्युमिन कमी असेल तर औषध शरीरातून लवकर निघून जातं आणि नेहमीचा डोस अपुरा पडतो. औषधाची पातळी मोजायची असेल तर रक्त इन्फ्लिक्सिमॅबच्या पुढच्या सलाइनच्या अगदी आधी काढायचं, सुई टोचतानाच. सलाइन सुरू झाल्यावर काढलेला नमुना फुकट जातो, आणि ही चूक सर्रास होते. सलाइनच्या आधी काढलेल्या नमुन्यात साधारण ५ च्या खालची पातळी अपुरी धरतात.

सीआरपी मुका असेल तर

तर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन मोजावं. ते आतड्याच्या आतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतून सुटतं, म्हणून यकृताची मध्यस्थी लागत नाही. त्रास नाही आणि १५० च्या आत, तर बहुधा आतडं शांत. २५० च्या वर असेल तर दुर्बिणीचा विचार करावा, किंवा महिन्याभरात पुन्हा मोजावं. सकाळच्या पहिल्या शौचाचा नमुना द्यावा. त्याआधी दोन आठवडे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावं (तसंही या आजारात ते टाळलेलंच बरं), आणि कोलोनोस्कोपीची पोट साफ करायची पावडर घेतलेल्या दिवसांत नमुना देऊ नये. लॅबगणिक किट वेगळं असतं, म्हणून इथेही लॅब एकच. गर्भारपणात ईएसआर वाढतो, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन रक्त पातळ झाल्याने उतरतात. तेव्हा कॅलप्रोटेक्टिनचाच जास्त आधार.

दोन्ही मिळून वापरले तर काय होतं हे २०१७ च्या ‘काम’ (CALM) नावाच्या चाचणीत दिसलं. क्रोन्सच्या २४४ पेशंटांपैकी निम्म्यांचं औषध फक्त लक्षणं बघून वाढवलं. उरलेल्यांत लक्षणांसोबत सीआरपी ५ आणि कॅलप्रोटेक्टिन २५० या रेषाही धरल्या. ४८ आठवड्यांनी आतडं भरून आलेले पहिल्या गटात ३० टक्के होते, दुसऱ्यात ४६. बरं वाटत असतानाही रक्त का काढायचं, असं विचारणाऱ्याला हे आकडे दाखवावेत.

जपानमध्ये २०२० पासून एलआरजी नावाचं रक्तातलं आणखी एक प्रथिन विम्याखाली मोजलं जातं. ते केवळ इंटरल्यूकिन-६ वर अवलंबून नसल्याने सीआरपी मुका असलेल्यांत उपयोगी पडतं. आपल्या नेहमीच्या लॅबमध्ये ते मागून मिळेल या भरवशावर राहू नये. उलट आपल्याकडे सहज मिळतं ते ‘आयबीडी पॅनेल’, म्हणजे पी-एएनसीए आणि एएससीए. या अँटिबॉडी आहेत. क्रोन्स की कोलायटिस या निदानाच्या प्रश्नाला त्यांचा थोडाफार हातभार लागतो, पण आजाराच्या चढउताराबरोबर त्या हलत नाहीत. निदान झालेल्या पेशंटला दर सहा महिन्यांनी हे पॅनेल लिहून दिलं जात असेल, तर त्याऐवजी कॅलप्रोटेक्टिन चालेल का, असं सरळ विचारावं.